भंगारात मिळालेला जुना बेंच व्हाइस नव्यासारखा कसा करावा आणि त्याला कोणता रंग द्यावा?

आपण विचारलेला रंगाचा प्रश्न मी शेवटी घेणार आहे. गंजलेला व्हाइस, म्हणजे टेबलावर बसवायचा, स्क्रू आवळून दोन जबड्यांत वस्तू घट्ट धरणारा शिकंजा, चकचकीत करून दाखवणारे व्हिडिओ पाहून अनेकांचा असा समज झाला आहे की गंज उतरला आणि वर रंग चढला म्हणजे व्हाइस दुरुस्त झाला. हाच समज आमच्या साडूंचाही आहे आणि त्यावरून आमच्या घरी प्रत्येक दिवाळीला वाद होतो, तेव्हा या उत्तरात थोडा कडवटपणा आला तर समजून घ्यावे.

माझा व्हाइस मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीबाहेर मिळाला. भट्टीत वितळवण्यासाठी आणलेल्या फुटक्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ढिगात तो उलटा पडला होता, दांडी गायब होती, स्क्रू पूर्ण जाम होता, आणि अंगावरची माती खरवडल्यावर ‘रेकॉर्ड’ हे कंपनीचे नाव व ‘शेफील्ड’ हे इंग्लंडमधल्या गावाचे नाव वाचता आले. मी तेथेच बसून लहान हातोडीने दोन्ही जबडे हलकेच वाजवून पाहिले. धड बीड घंटेसारखे खणखणते आणि तडा गेलेले बीड बद्द वाजते, एवढी परीक्षा कोणालाही करता येते. त्यानंतर चल जबड्याच्या सरकत्या भागाची खालची बाजू आणि स्थिर जबडा बुडाशी जिथे जुळतो तो कोपरा नखाने चाचपला, कारण तडा जातो तो बहुधा याच दोन ठिकाणी. माझी ही खटपट पाहून मालकांच्या लक्षात आले की वस्तूत काहीतरी आहे, आणि त्यांनी पैशांत भाव सांगण्याऐवजी वजनाला वजन मागितले. मी घरामागे पडलेले जुन्या ऑइल इंजिनचे फुटके फ्लायव्हील नेऊन दिले व व्हाइस आणला. त्या सौद्यात कोणाचेच नुकसान झाले नाही, कारण भट्टीला दोन्हींचे बीड सारखेच. आपण मात्र हातोडी वाजवण्यापूर्वी भाव ठरवून घ्या.

जाम झालेला स्क्रू सोडवताना घाई करणारा माणूस दांडीवर लांब पाइप चढवतो आणि स्क्रू वाकवतो किंवा बीड फोडतो. मी रॉकेलमध्ये थोडे पातळ तेल मिसळून ते, स्क्रू ज्यातून फिरतो त्या नटाच्या दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा सोडत राहिलो. मधूनमधून नटाभोवतीचा भाग सगळीकडून सारखा आणि बेताने तापवला व आपोआप निवू दिला. तापल्या बिडावर पाणी ओतणे म्हणजे स्वतःच्या हाताने तडा पाडणे आहे. स्क्रू आधी अगदी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवला, मग सोडवण्याच्या, आणि असे आळीपाळीने करत तो मोकळा झाला.

बाहेर काढल्यावर दिसले की स्क्रूचे चौकोनी आटे चांगले होते, पण स्थिर जबड्याच्या पोटातल्या नटाचे आटे झिजून धारेसारखे पातळ झाले होते. जुन्या व्हाइसचे खरे दुखणे हेच असते आणि ते व्हिडिओत क्वचित दाखवतात. साडू म्हणाले, “आत वेल्डिंग भरून घ्या, वरून रंग मारा, कोणाला कळणार आहे?” कळणार होते ते मला, पहिल्याच जॉबला, म्हणजे व्हाइसमध्ये पकडलेल्या पहिल्याच वस्तूला. मी आमच्या गल्लीतल्या टर्नरकडे (लेथवरच्या कारागिराकडे) गनमेटलचा, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा, गोळा नेला आणि मूळ स्क्रू मापाला ठेवून नवा नट कापून घेतला. इंग्लंडच्या या जुन्या व्हाइसचे आटे इंची असतात, म्हणून मेट्रिक मापाचा तयार नट शोधत हिंडू नये. लेथवर इंची आटे कापणारा कारागीर शोधावा. नट स्क्रूपेक्षा मऊ धातूचाच हवा, म्हणजे पुढची झीज नटाची होईल आणि स्क्रू वाचेल.

साडूंनी याच काळात स्वतःचा जुना व्हाइस सँडब्लास्ट करून (वाळूच्या फवाऱ्याने घासून), लांबी (पुट्टी) भरून, लालभडक रंगवून घेतला. एवढ्यावर न थांबता त्यांनी जबड्यांच्या पोलादी पट्ट्या ग्राइंडरवर घासून आरशासारख्या केल्या, म्हणजे ज्या चौकटीदार दात्यांमुळे जॉब पकडला जातो तेच दाते उडवले. पुढे एकदा एक जाड शाफ्ट हॅकसॉने कापताना तो त्यांच्या जबड्यांतून सारखा फिरू लागला, तेव्हा ते तो घेऊन माझ्याकडे आले. शाफ्ट कापून झाल्यावर त्यांनी माझ्या व्हाइसचे दाते त्यावर कसे उमटले आहेत ते दाखवले आणि तुमचाच व्हाइस सदोष आहे असा निर्णय दिला. दाते उमटू नयेत म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पत्र्याच्या टोप्या चढवतात, ही गोष्ट फिटरच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात. तेवढ्यासाठी कोणी दाते घासत नाही. आपल्या व्हाइसचे दाते झिजले असतील तर पट्ट्याच बदला. त्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात. बसवल्यावर जबडे मिटून मागे दिवा धरा: ते आधी वरच्या काठाला टेकले पाहिजेत. खाली आधी टेकणारा व्हाइस जॉब वरून सैल सोडतो.

आता गंज. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. खोल गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या टाकीत व्हाइस बुडवून बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार व्हाइसला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडून विद्युतप्रक्रिया करता येते. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि त्या टाकीतून हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे. काकवी नऊपट पाण्यात कालवून त्यात भाग कित्येक दिवस बुडवून ठेवण्याचीही रीत आहे आणि तिने गंज खरोखर निघतो, पण गुऱ्हाळाची काकवी अशी नासणे आमच्याकडे कोणाला रुचणार नाही. जुना रंग शिशाचा असू शकतो. तो कोरडा घासून त्याची धूळ नाकात घेऊ नका.

तडा गेलेला व्हाइस मुळीच घेऊ नये असे माझे मत आहे, तरी पितळी ब्रेझिंगने (वितळलेले पितळ भरून) सांधलेला व्हाइस हलक्या कानसकामाला चालतो, एवढे मान्य करावे लागेल. हातोड्याच्या कामाला तो नको. बसवताना स्थिर जबड्याची पट्टी टेबलाच्या काठाच्या किंचित बाहेर येऊ द्या, म्हणजे लांब जॉब उभा धरता येतो, आणि लाकडी स्क्रूंऐवजी आरपार बोल्ट वापरा.

रंग कोणताही द्या. खाली रेड ऑक्साइडचा (गंजरोधक अस्तराचा) हात मारा, आणि जबड्यांच्या पट्ट्या, सरकता भाग व आटे यांना रंग लागू देऊ नका. तेथे ग्रीस लावा. माझा व्हाइस अजून बिनरंगाचाच आहे.