पत्त्याच्या रकान्यात काय लिहू, मॅडम?

श्रावणातल्या झडीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या वाड्याची भिंत बसली आणि मालकाने भाडेकरूंना आठ दिवसांत खोल्या मोकळ्या करायला लावल्या. त्यातल्याच एक विडी वळणाऱ्या बाई सहावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.) रात्री विजापूर रोडकडे बहिणीच्या व्हरांड्यात निजायचं, मेहुण्याची कुरकुर वाढली की देवळाच्या मंडपात. घराबरोबर कामही गेल्यात जमा होतं. विडीची पानं ओली ठेवावी लागतात. मंडपातल्या वाऱ्याला ती वाळून तडकत, आणि हिशेबात विड्या कमी भरल्या की कारखान्यात बोलणी खावी लागत.

पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "ओ मॅडम, भाडेपावती न्हाई, लाईटबिल न्हाई. शाळेतनं पोरीचं नाव काढतेत का?" बहिणीच्या घराजवळच्या एका शाळेत त्या चौकशी करून आल्या होत्या. "आधी दाखला आणि रहिवासाचा पुरावा आणा," म्हणून तिथून त्यांना परत पाठवलं होतं.

घर मोडलेली, गाव सुटलेली माणसं हा प्रश्न मला सारखा विचारतात, म्हणून उत्तर सरळच सांगते. नाव काढता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मग डोक्यावर छप्पर असो वा नसो. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकायला त्यात मनाई आहे. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली हवी असेल तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्मदाखला नसला, वर्ष अर्ध्यावर आलं असलं, तरीही नाही. आधार नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवू नका, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय. तोंडी नकार मिळाला तर भांडत बसू नका. साधा अर्ज लिहा, द्या, पोच घ्या. पोच मागितली की निम्म्या शाळांचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. नाहीच बदलला तर शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, खेड्यात गटशिक्षणाधिकारी.

हे सगळं सांगून मी उत्साहात बदलीचा अर्ज लिहायलाही घेतला. आणि तिथेच चुकले. मुलगी दप्तराची चेन मागेपुढे करत बसली होती. तिला मी काही विचारलंच नव्हतं.

विचारल्यावर म्हणाली, "मला माझीच शाळा पाहिजे."

मग गेले नऊ दिवस शाळेत का गेली नाही? आईला बाहेर बसवल्यावर हळूहळू बोलली. रात्री धुतलेला ड्रेस मंडपात वाळत नाही. एकदा ओलाच घालून गेली, तर बाकावरची मैत्रीण "वास येतोय" म्हणत सरकून बसली. त्यातच वर्गात सगळ्यांना वहीवर पत्ता घालायला सांगितला. तिने वही काढून दाखवली. नाव, इयत्ता, तुकडी वळणदार अक्षरात. पत्त्याच्या ओळीवर लिहून खोडून, लिहून खोडून कागदाला भोक पडलं होतं. ओळ रिकामी दिसली म्हणून वर्गाच्या बाईंनी तिला उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही.

अर्ज मी फाडला. तिची अट एकच होती: बाईंना सांगा, वर्गात सांगू नका.

बाईंना खरंच काही माहीत नव्हतं. पोरगी आळसावली असंच त्या समजत होत्या. ऐकल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग एक जुना ड्रेस आणून कपाटात ठेवला, उशिराबद्दल बोलणं थांबवलं, गृहपाठ खिचडीच्या सुट्टीत वर्गातच करायला परवानगी दिली. पत्त्यात मावशीचं घर लिहिलं. लांबून यायचा प्रश्न मात्र राहिला. एका रिक्षावाल्या पालकांनी निम्म्या पैशात न्यायचं कबूल केलं, पण तो काही हक्क नव्हे, माणुसकी; उद्या ते नाही म्हणाले तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आईची आणखी एक भीती जाता जाता निघाली: "कळलं तर पोरीला उचलून नेतेत म्हणं." म्हणून कितीतरी माणसं शाळेला काही कळूच देत नाहीत. बालन्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आधी घरच्यांजवळच ठेवायचा प्रयत्न करायचा असतो, हे त्यांना दोनदा समजावलं. पटलं की नाही, सांगता येत नाही. विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र, मात्र जपून ठेवा म्हटलं, विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते. नववीत हा शिक्षण हक्क संपतो, तेव्हा तिचाच आधार.

दिवाळीनंतर त्यांना पत्र्याची एक खोली मिळाली. परवा शाळेत गेले होते. कपाटातला तो ड्रेस दिसला नाही. त्या जागी दुसरीतल्या पोराच्या मापाची चड्डी घडी करून ठेवली होती. कोणाची, ते मी विचारलं नाही.