मोबाइलमुळे झोप कमी होते, हे प्रश्नावलीने सिद्ध करता येईल का?

तुम्ही विचारलंय की, टी.वाय.बी.ए.च्या मानसशास्त्र प्रकल्पात मोबाइलमुळे मुलांची झोप कमी होते हे दाखवायचंय, तर शंभर जणांकडून गूगल फॉर्म भरून घेतला की पुरे, की प्रयोगच करावा लागेल?

फॉर्म जरूर भरून घ्या. पण त्यातून मोबाइल हे कारण आहे असं ठरणार नाही. जास्त मोबाइल पाहणारी मुलं कमी झोपतात का, एवढंच कळेल. हा झाला सहसंबंध. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेणारेही त्यात असतील आणि परीक्षेच्या टेन्शनने दोन्ही होणारेही. शंभराचे हजार फॉर्म केलेत तरी हा गुंता सुटत नाही.

कारण शोधायचं असेल तर प्रयोग लागतो. माझ्या आवडीचा आहे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा, १९७४ सालचा. प्रश्नातल्या एका शब्दामुळे आठवण बदलते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी १५० विद्यार्थ्यांना अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना तोच प्रश्न, फक्त 'गाड्या धडकल्या तेव्हा' असा. उरलेल्या ५० जणांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'चुराडा' ऐकलेल्यांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७, आणि काहीच न विचारलेल्यांपैकी ६.

तो शेवटचा ६ चा आकडा नीट बघा. हा नियंत्रित गट. प्रश्न न विचारताही थोड्यांना काच 'आठवते', हे त्याच्यामुळेच कळतं. तो नसता तर ७ जणांचं खापर 'धडकल्या' या शब्दावर फुटलं असतं. असे गट पाडताना कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. पुढच्या बाकावरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्यात, असं करून चालत नाही.

काही गोष्टींवर मात्र प्रयोग करताच येत नाही. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या फेफऱ्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना नवं काही लक्षात राहीनासं झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज हात सुधारत गेला, पण हे काल केलं होतं याची त्यांना आठवणच नसायची. घटनांची आठवण आणि हाताला बसलेली सवय मेंदूत वेगवेगळ्या असतात, हे एका माणसाच्या अभ्यासातून पुढे आलं. व्यक्ती-अभ्यासाला कमी लेखणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही.

आता तुमचा फॉर्म. 'मोबाइलमुळे तुमची झोप कमी झाली आहे का?' असा प्रश्न अजिबात घालू नका, त्यात उत्तर आधीच सुचवलेलं आहे. 'साधारण किती तास झोपता?' यापेक्षा आठवडाभर रोज सकाळी 'काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात?' हे विचारा. मोबाइलचा वेळही अंदाजाने नको, स्क्रीन टाइमचा आकडा बघून लिहायला सांगा. संमती आधी घ्या, नावं घेऊ नका. आणि फॉर्म फक्त तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरणार असेल तर निष्कर्षही तुमच्या वर्गापुरताच लिहा.