नियमावलीवर सही करण्याआधी शिक्षा काय आहेत ते वाचा

ताई, सहावीतल्या मुलाच्या नव्या शाळेने बारा पानांची शिस्तीची नियमावली पाठवली आहे आणि खाली पालकांची सही मागितली आहे. तीन लेट मार्क झाले की शंभर रुपये दंड, आणि 'गंभीर शिस्तभंग' झाल्यास दाखला हातात, अशी कलमं त्यात आहेत. सही करावी का, आणि नाही केली तर मुलावर राग निघेल का, असं तुम्ही विचारलंत. मी तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत आधी शिक्षिका आणि मग मुख्याध्यापिका होते. अशा नियमावल्या मी लिहिल्याही आहेत आणि रद्दही केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सही करा. नियम वाचले, एवढाच तिचा अर्थ धरा. कायद्याने ज्या शिक्षेला बंदी आहे ती करण्याची मुभा पालकांच्या सहीने शाळेला मिळत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. छडी मारणं चूक, हे आता बहुतेकांना पटलंय. पण कोंबडा करणं, उठाबशा काढायला लावणं, परिपाठात सगळ्यांसमोर उभं करून फी थकल्याचं सांगणं, वाढलेले केस वर्गातच कात्रीने कापणं, हे सगळंही त्याच कलमात बसतं. तुमच्या बारा पानांत असलं काही असेल तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

दाखल्याची धमकी कलम १६ मध्ये अडते. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. हा मजकूर शाळांना ठाऊक असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी पालकांनाच ऑफिसात बसवून 'आम्ही स्वखुशीने दाखला मागत आहोत' असा अर्ज लिहून घेतात, आणि कागदावर शाळेने कोणालाच काढलेलं नसतं. असा प्रसंग आला तर तिथल्या तिथे काहीही लिहून देऊ नका, घरी या. एक अपवाद लक्षात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. तुमची शाळा तशी असेल तर आधी खात्री करून घ्या. तरी बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ मुलांशी होणाऱ्या क्रूर वागणुकीबद्दल आहे, आणि अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट नाही.

आता नियमांकडे येते. बहुतेक पालक नियम वाचतात आणि 'बरोबर आहे की' म्हणतात. वेळेवर या, गणवेश घाला, नखं कापा, कॉपी करू नका, यात वाद घालण्यासारखं काय आहे? शाळा कशी आहे हे कळतं ते नियम मोडल्यावर काय होईल या मजकुरातून. तिथे 'योग्य ती कारवाई' एवढंच लिहिलेलं असेल तर कारवाई त्या दिवशी शिक्षकाच्या मनात येईल ती होणार. डॉक्टरांच्या मुलाला समज मिळेल, वीटभट्टीवरच्या मुलाला वर्गाबाहेर उभं राहावं लागेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यावरून सहकाऱ्यांशी भांडलेही आहे. मुलांना शिक्षेपेक्षा हा दुजाभाव जास्त लागतो. पहिल्या वेळी काय, दुसऱ्या वेळी काय, घरी कधी कळवणार, मुलाचं म्हणणं कोण ऐकून घेणार, एवढं आधी लिहिलेलं असलं की वर्गातला निम्मा ताण उतरतो. शिक्षकाचाही.

लेट मार्कचंच घ्या. परिपाठ सुरू झाला की फाटक बंद करायचं आणि उशिरा आलेल्यांना परत पाठवायचं, ही फार जुनी रीत. त्यात अकरा-बारा वर्षांचं पोर शाळेच्या वेळात रस्त्यावर असतं, घरच्यांना वाटतं ते शाळेत आहे आणि शाळेला वाटतं ते घरी गेलं. मी फाटक उघडं ठेवायला लावलं. उशिरा येणाऱ्याने ऑफिसजवळच्या वहीत नाव, गाव आणि कारण लिहायचं आणि सरळ वर्गात जाऊन बसायचं. महिनाअखेर ती वही वाचली तेव्हा बरीचशी नावं एकाच रस्त्यावरच्या गावांची निघाली. त्यांची सकाळची एसटीच उशिरा सुटत होती. आम्ही आगारप्रमुखांना पत्र दिलं आणि तोवर त्या मुलांचा पहिला तास सांभाळून घेतला. काही नावं धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडून येणाऱ्या मुलींची होती. त्यांच्या घरी जाऊन बोलावं लागलं. उरलेली दोन-चार मुलं खरोखर टंगळमंगळ करणारी होती, आणि तेवढ्यांना वर्गशिक्षकांनी धारेवर धरलं. दंड लावला असता तर यातलं काहीच कळलं नसतं. दंड भरतो बाप, आणि ज्याला शंभर रुपये जड असतात त्याचं मूल उशीर झाला की त्या दिवशी येतच नाही. तुमची शाळा खाजगी विनाअनुदानित असेल तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. हा दंड त्या समितीपुढे आला होता का, एवढं विचाराच.

गणवेशाबद्दल मी कडक होते आणि आजही आहे. एकसारखे कपडे असले की कोणाच्या घरी काय आहे ते वर्गात दिसत नाही. मेंदीची बंदी मात्र मला कधीच पटली नाही. श्रावणात किंवा घरच्या लग्नात काढलेली मेंदी आठ-दहा दिवस हातावर राहते. मुलीला ती पुसता येत नाही, मग रोज वर्गाबाहेर उभं करून काय साधायचं? ज्या नियमाचं कारण मुलीने विचारल्यावर शिक्षकाला सांगता येत नाही, तो नियम काढून टाकावा.

परिपाठात सगळ्यांनी मोठ्याने म्हटलंच पाहिजे, असं कलम असेल तर तिथेही थांबा. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेने काढलं होतं. त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं, पण राष्ट्रगीताला ती रोज आदराने उभी राहत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

मोबाइलची बंदी सहावीला योग्यच आहे. जप्त केलेला फोन उघडून बघायचा नाही आणि त्याच दिवशी पालकांच्या हातात द्यायचा, एवढं मात्र लिहून मागा.

आणि आता जे बहुधा त्या बारा पानांत नसेल ते शोधा. मुलांनी शाळेशी कसं वागायचं हे पानोपान असतं. मुलांनी एकमेकांशी कसं वागायचं हे चुकून एखाद्या ओळीत. जातीवरून, रंगावरून, जाडेपणावरून चिडवणं, डबा पळवणं, टॉयलेटमध्ये अडवणं, हे सांगायचं कोणाला? महाराष्ट्रात शाळांना तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती, बंधनकारक आहे. पेटी असते, पण ती कोण उघडतं आणि किती दिवसांनी, हे विचारा. पेटी ऑफिसच्या दारात शिपायांच्या समोर लावली असेल तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकत नाही. जिन्याखाली किंवा वाचनालयाच्या बोळात लावली की चिठ्ठ्या येऊ लागतात.

शिक्षकांच्या बाजूनेही सांगते. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा असं कायदा सांगतो, पण कित्येक तुकड्यांत साठ मुलं असतात. अशा वर्गात शांतता राखणं सोपं नाही, आणि आवाज चढवणारा प्रत्येक शिक्षक वाईट नसतो. तेव्हा पहिली भेट वर्गशिक्षकांची घ्या, तक्रारीच्या सुरात नको. मुलासोबत नियमावली वाचली, आम्ही ती पाळू, दंड आणि दाखला या दोन कलमांचा खुलासा हवा आहे, असं सांगा. आणि खरंच त्याच्याबरोबर बसून वाचा. कुठला नियम त्याला जड जाईल ते तोच सांगेल.

राग निघण्याची भीती खोटी नाही. पण लेखी आणि सभ्य शब्दांत विचारणाऱ्या पालकाच्या मुलाला हात लावताना शाळा दहादा विचार करते. आणखी दोन-तीन पालक सोबत असतील तर उत्तमच. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत असाल तर पालिकेच्या शिक्षण विभागात द्या.