पश्चिम आफ्रिकेतले लोक रोज काय खातात? फुफू म्हणजे नेमकं काय?

थोडक्यात सांगायचं तर पिठूळ गोळा आणि त्यासोबत दाट, तिखट रस्सा. घानात फुफूसाठी कसावा (आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच) आणि कच्ची केळी उकडतात, मग लाकडी उखळात कुटतात. एकजण उभ्याने लांब मुसळ मारतो, दुसरी व्यक्ती दोन घावांच्या मधे ओल्या हाताने गोळा उलटत राहते. ती लय बघण्यासारखी असते! खाताना उजव्या हाताने लचका तोडायचा, शेंगदाण्याच्या किंवा भेंडीच्या रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा.

चवीचा खरा आधार म्हणजे लालभडक पामतेल, सुकी मासळी, मिरची आणि आंबवलेल्या बियांचा उग्र वासाचा मसाला. नायजेरियात त्याला इरू किंवा दावादावा म्हणतात. टोमॅटोतला जोलोफ भात तर सगळीकडेच.

तुम्ही सुरुवात 'अकारा'पासून करा. चवळी भिजवून, सालं काढून वाटायची, कांदा-मिरची घालून खूप फेटायची आणि तळायची. आपल्याला परकं वाटणारच नाही. चवळी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्याच, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी आल्या.