वाचक विचारतात: अरबी आकडे कसे शिकायचे?

प्रश्न: वाशीच्या मसाला मार्केटमध्ये गाळ्यावर कामाला आहे. रमजानच्या आधी इराक, सौदीचा खजूर येतो, खोक्यांवर तारखा अरबी आकड्यात. शेठ विचारतात एक्सपायरी कधीची, की मी मोबाईल काढून फोटो मारत बसतो. पटकन वाचता यायला काय करू? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: दादा, दहाच चिन्हं आहेत, पण नुसती बघून राहत नाहीत डोक्यात, वही घेऊन गिरवा. एक म्हणजे उभी रेघ. तिच्या डोक्याला उजवीकडे एक आकडी काढली की दोन, दोन आकड्या काढल्या की तीन. चार म्हणजे इंग्रजी तीन उलट्या तोंडाचा. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा (इथे सगळेच फसतात), खरा सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि तोच व्ही पालथा घातला की आठ. नऊ इंग्रजी नऊसारखाच. आणि मुख्य घोळ पाच आणि शून्याचा, अरबीत पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे फक्त ठिपका. म्हणजे खोक्यावर गोल आणि त्याच्या उजवीकडे ठिपका असेल तर ते पन्नास, शून्य पॉइंट काहीतरी नाही. हाताने लिहिलेल्या बिलात अजून सांभाळून, कारण घाईत लोक तीनाच्या दोन आकड्या एकातच उरकतात आणि तो छापील दोनासारखा दिसायला लागतो.

आता दिशा. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडा आपल्यासारखाच, मोठं स्थान डावीकडे, त्यामुळे २०२६ हे २०२६ असंच दिसणार. तारखेत मात्र दिवस बहुतेक वेळा उजव्या टोकाला, मग महिना, आणि वर्ष डावीकडे. मशीनचा छाप कधी उलटाही असतो, म्हणून आधी चार आकडी वर्ष शोधा आणि तिथून सुरुवात करा. १४४७ वगैरे दिसलं तर ते हिजरी वर्ष, घाबरू नका, शेजारी इंग्रजी वर्षही असतं का बघा. दोन तारखा असतील तर ‘इन्ताज’ म्हणजे माल बनल्याची आणि ‘इन्तिहा’ म्हणजे संपायची, हे दोन शब्द तेवढे कुणाकडून तरी लिहून घ्या आणि गाळ्यात चिकटवून ठेवा.

प्रश्न: मला मस्कतला अकाउंट्समध्ये जॉब लागलाय. आकडे लिहायला जमतात, पण कुणी बोलून सांगितले की डोक्यावरून जातात. चाळिशीत हे जमेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, नक्की जमेल, कारण मराठी माणसाला यात अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. वाहिद, इस्नैन, सलासा, अरबआ, खम्सा, सित्ता, सबआ, समानिया, तिसआ, अशरा, एवढे दहा पाठ करा, मग इश्रीन, सलासीन, अरबईन असे दशक. आता पंचवीस म्हणायचं तर ‘खम्सा व इश्रीन’, म्हणजे आधी पाच मग वीस, आणि आपण तरी काय करतो, पंचवीस, सव्वीस, एकवीस, सगळीकडे एकक आधीच! एकशे पंचवीस ‘मिया व खम्सा व इश्रीन’, क्रम तोच. शिवाय आपल्यासारखे प्रत्येक आकड्याला वेगळे नाव नाही, जोडत जायचं फक्त, मला तर वाटतं आपले सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर शिकलेल्या माणसाला हे सोपंच जावं.

अजून एक सांगते, हे आकडे महाराष्ट्राला नवीन नाहीत. पेशवाईतल्या मोडी पत्रांवर शुहूर सनाचं (मृगापासून सुरू होणाऱ्या जुन्या कालगणनेचं) वर्ष अरबी आकड्यांच्या नावांनीच लिहिलेलं असतं, पानिपतचं वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले (मृगाच्या आधीची तारीख की नंतरची त्यावर ठरतं) की इसवी सन मिळतो, जानेवारीतल्या लढाईला ६००, म्हणून १७६१. मोडी शिकणारी मुलं आजही ही यादी घोकतात, आणि आपण म्हणतो अरबी आपल्याला परकी.

अडेल कुठे ते सांगते. दोनासाठी वेगळं रूप आहे, दोनशे म्हणजे मियतैन, दोन हजार अल्फैन. लाख नाही, एक लाख म्हणजे शंभर हजार, ‘मियत अल्फ’, त्यामुळे सुरुवातीला मोठी रक्कम ऐकली की कागदावर लिहूनच खात्री करा. आणि ओमानच्या रियालात १००० बैसा असतात, म्हणून दशांशानंतर तीन आकडे, २.५०० म्हणजे अडीच रियाल, अडीच हजार नाही. अकाउंट्सवाल्या माणसाने हे पहिल्या दिवशी पक्कं करावं. रोज संध्याकाळी घरातलं वाण्याचं बिल मोठ्याने अरबीत वाचा, आणि शक्य असेल तर दुसऱ्याला आकडे बोलायला सांगून तुम्ही लिहा, ऐकून लिहिण्याचीच प्रॅक्टिस कमी पडते.

प्रश्न: मुलगा विचारतो, शाळेत इंग्रजी १, २, ३ ला अरबी आकडे म्हणतात, मग अरब लोक वेगळेच का लिहितात? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: मूळ पद्धत भारतातली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय आकड्यांवर लिहिलं, आणि पुढे पूर्वेकडच्या अरबांत एक वळण रूढ झालं, उत्तर आफ्रिका आणि स्पेनकडे दुसरं. युरोपात गेलं ते दुसरं, अरबांकडून मिळालं म्हणून तिथे नाव पडलं अरबी आकडे. इटलीचा गणितज्ञ फिबोनाची याने हे आकडे उत्तर आफ्रिकेत शिकून १२०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणून आजही मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात रोजच्या व्यवहारात आपल्या शाळेतले इंग्रजी आकडेच दिसतात, आणि इजिप्त, इराक, सौदीकडे वर सांगितलेले.