स्पितीला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

स्पितीला कुठली लेन्स नेऊ, असं विचारलंस. सांगतो, पण आधी सॅम्युएल बोर्न या इंग्रज फोटोग्राफरचे फोटो नीट बघून घे. नॉटिंगहॅमच्या बँकेतला हा माणूस १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी तीसेक हमाल घेऊन सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यात शिरला.

एवढं सामान कशाला, म्हणशील. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कलोडिअन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत डेव्हलप करायची. छाप काचेएवढाच निघायचा, म्हणून काच १२ बाय १० इंचांची. हा सगळा संसार त्याने १८६६ मध्ये स्पितीच्या वाटेवरच्या मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर मांडला. माझी बोटं त्याच्या कितीतरी खाली शटरवर बधिर होतात!

त्याच्या फोटोंत आकाश बहुतेकदा कोरं दिसेल. ढग नसायचे असं नाही. कलोडिअनला निळा प्रकाश फार लवकर लागतो. हिरवी-तपकिरी डोंगरउतरण उमटेपर्यंत आकाश जळून पांढरं होतं.

मला खटकतं ते वेगळंच. हिमालय त्याला भव्य वाटला, पण चित्राला सोयीचा वाटला नाही. पाणी कमी, तळी नाहीत. काश्मीरमध्ये झेलम आणि झाडी मिळाल्यावर मात्र स्वारी खुलली. इंग्लंडातल्या निसर्गचित्रांची चौकट त्याने डोक्यात घालून आणली होती आणि हिमालय तिच्यात मावेना.

तुझे हरिश्चंद्रगडाचे फोटो बघताना हेच आठवलं. कोकणकड्यावर पाठमोरा बसलेला तो मुलगा तू मोबाइलवर बघितलेल्या फोटोंतून आलाय, कड्यावरून नाही. माणूस बसवायला माझी हरकत नाही. डोंगर केवढा ते कळावं म्हणून बोर्नही बसवायचा. पण ओझी वाहणाऱ्या हमालांवर काठी चालवल्याचंही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, हे कळल्यापासून त्या चिमुकल्या आकृत्यांकडे मी डोंगराआधी बघतो. तुझ्या चौकटीत घोडेवाला आला, तर तो काय करतोय ते दिसू दे.

स्पितीत हिरवं फारसं नाहीच. पहिले दोन दिवस तुला सगळं उजाड वाटेल, फोटो मिळत नाहीत म्हणून चिडशील. चिड खुशाल, पण हिरवळ शोधत नदीकाठी पळू नकोस.

आणि हो, लेन्स. ३५ मिलिमीटरची ने. झूम घरीच ठेव.

तुझा,
काका