बाबा गाडीची चावी सोडत नाहीत

प्रश्न: बाबा 78 वर्षांचे, आई गेल्यापासून एकटेच राहतात, गाडी अजून स्वतःच चालवतात पण हल्ली बंपरवर नवे नवे ओरखडे दिसतात आणि विचारलं की चिडतात. भाऊ म्हणतो सरळ चावी लपवून टाक. काय करू?

उत्तर: लपवू नका प्लीज. ते शोधत बसतील, आपणच विसरलो वाटून घाबरतील आणि खरं कळलं की तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. आधी डोळे तपासा, काचबिंदूत बाजूचं दिसणं हळूहळू कमी होतं आणि माणसाला स्वतःला ते बरेचदा कळतही नाही, म्हणजे "मला नीट दिसतं" हे ते मनापासूनच म्हणत असतील. झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी पण सुस्ती येते, तेव्हा सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत गाडी तुम्ही चालवा, ते शेजारी बसू देत, यावर मात्र ठाम राहा. थांबवायचंच ठरलं तर ते डॉक्टरांनी सांगितलेलं बरं, मुलांकडून ऐकणं फार लागतं हो. आणि मग कुठे, कधी, कोणाबरोबर जायचं ते बाबांनाच ठरवू द्या, भावालाही त्यातले दोन दिवस घ्यायला सांगा, नुसता सल्ला नको.